सुडोकूतला ‘डो’ आणि ज्युडोतला ‘डो’

प्रश्न एका ताईंचा आहे, पण वाद त्यांच्या घरातल्या दोघांचा. मुलगी कराटेच्या वर्गाला जाते. सासरे रोज सकाळी चहाबरोबर पेपरातलं सुडोकू सोडवतात. मुलीला वर्गात सांगितलंय की ‘डो’ म्हणजे मार्ग. त्यावरून तिनं आजोबांना ऐकवलं, ज्युडो काय, आयकिडो काय, सुडोकू काय, सगळीकडे मार्गच. आजोबा म्हणाले, हे शब्द कधीच इंग्रजी झालेत, डिक्शनरीत आहेत, आता त्यांची चिरफाड कशाला? आणि ताईंना स्वतःला हवंय ते एवढंच, की मराठीत ‘कराटे’ लिहावं की ‘कराते’.

मी पंचवीसेक वर्षं पुण्यात जपानी शिकवते, मधूनमधून दुभाषी म्हणून जाते आणि गो नावाचा पटावरचा खेळ बेताचा खेळते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी अंगणातला आहे. तिघांनाही उत्तर देते, पण जरा ऐसपैस.

नात अर्धी बरोबर आहे. ज्युडो आणि आयकिडोतला ‘डो’ एकच. सुडोकूतला तो नव्हेच. सुडोकूची फोड ‘सु’ आणि ‘डोकू’ अशी होते, ‘सुडो’ आणि ‘कू’ अशी नाही. सु म्हणजे अंक. दोकु म्हणजे एकटा. पूर्ण वाक्य होतं ‘सूजि वा दोकुशिन नि कागिरु’, म्हणजे अंक अविवाहितच असले पाहिजेत. दोकुशिन म्हणजे सडाफटिंग. एका आडव्या ओळीत, एका उभ्या रांगेत, एका चौकटीत प्रत्येक अंकानं एकट्यानंच राहायचं, जोडीदार आणायचा नाही, एवढाच त्या कोड्याचा नियम. जपानी माणसाला लांबलचक वाक्य दोन अक्षरांत आवळायची सवय असते, तसं ते आवळलं आणि ‘सूदोकु’ झालं.

आता मार्गवाला ‘डो’. तो जपानीत आखूड नाही, लांब आहे. ‘ओ’ ओढून म्हणायचा, दोऽ. ही लांबी इंग्रजी लिपीत हरवते आणि मग सगळे ‘डो’ सारखे दिसायला लागतात. हरवली तर काय बिघडतं, याचा नमुना मी स्वतः पाहिलाय.

आमच्या उपनगरात एका कराटेच्या वर्गानं नवा बॅनर केला होता. वर इंग्रजी नाव, मध्ये मूठ आवळलेला मुलगा, खाली तीन भलीमोठी जपानी अक्षरं. उद्‌घाटनाला एक जपानी पाहुणे येणार म्हणून मला बोलावलेलं. पाहुणे बॅनरपाशी थांबले, वाचलं, मान किंचित तिरकी केली आणि अतिशय सभ्यपणे काहीच बोलले नाहीत. पहिली दोन अक्षरं बरोबर होती: कारा, ते. तिसरं अक्षर ‘दो’च होतं, पण ते थर्मामीटरवरचं. तापमान सांगताना ‘अंश’ म्हणतो, त्याचा दो. कुणीतरी मोबाइलवर जपानी कीबोर्ड लावून डी-ओ टाइप केलं आणि फोननं जे पहिलं अक्षर सुचवलं ते उचललं. मार्गवाला दो हवा असेल तर डी-ओ-यू असं टाइप करावं लागतं. तो जादा यू म्हणजेच ती लांबी. एका अक्षरासाठी बॅनर पुन्हा छापायला वर्गवाले तयार नव्हते. ‘मॅडम, इथे कोण वाचतंय?’ तेही खरंच.

खरा दो लिहिताना हाताला वेगळाच अनुभव येतो. बारा फटकारे आहेत. आधी वरचा भाग काढायचा, त्याचा अर्थ मान किंवा डोकं: वर दोन शिंगांसारखे तुकडे, एक आडवी रेघ, खाली खिडकीसारखी चौकट. मग डावीकडे एक टिंब, एक नागमोड, आणि शेवटी सगळ्याला तळातून उचलून धरणारी, होडीच्या बुडासारखी लांब रेघ. ही चालण्याची खूण. म्हणजे डोकं आणि चाल: रस्ता. चिनी भाषेत हाच ‘ताओ’. कोरियात हाच ‘दो’. तायक्वांदो जपानी नाही, कोरियन आहे, पण त्यातलं शेवटचं अक्षर हेच. या अक्षराभोवती आध्यात्मिक धुकं बरंच जमलंय, म्हणून विद्यार्थ्यांना मी मुद्दाम सांगते: होक्काइदोतला दो हाच आणि नळाच्या पाण्याला सुइदो म्हणतात त्यातलाही हाच. पाणीपुरवठा खात्याला कुणी साधना म्हणत नाही.

पण खेळांच्या नावात हा दो आपोआप आला नाही, एका माणसानं तो विचारपूर्वक बसवला. कानो जिगोरो. १८८२ साली तोक्योमधल्या एइशोजी नावाच्या देवळात बारा ताताम्यांच्या, म्हणजे बारा चटयांच्या जागेत त्यांनी कोदोकान नावाची आपली शाळा सुरू केली. वय एकवीस, विद्यार्थी नऊ. ते शिकत होते ती कुस्ती ‘जूजुत्सु’ या नावानं ओळखली जायची. जू म्हणजे मऊ, लवचीक. जुत्सु म्हणजे कसब, हुन्नर. सामुराईंचा जमाना संपलेला, जुन्या विद्येला बाजारात किंमत नव्हती आणि जूजुत्सुवाल्यांची ख्याती दांडगाईची. कानो शिकलेले, पुढे शिक्षक-प्रशिक्षण संस्थेचे प्रमुख झालेले गृहस्थ. त्यांना हे शाळेत शिकवण्याजोगं करायचं होतं. धोकादायक पेच बाजूला काढले, सरावाची पद्धत बांधली आणि जुत्सु काढून दो घातला. ‘जूदो’ हा शब्द त्याआधीच्या एका जुन्या घराण्यातही होता, पण जगभर गेला तो कानोंचा. १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेलेले ते पहिले आशियाई. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युडो आला तेव्हा ते नव्हते; १९३८ मध्येच कैरोच्या बैठकीहून परतताना बोटीवर वारले होते.

इंग्रजीत मात्र कानोंच्या शब्दाआधी त्यांनी टाकून दिलेला शब्द गाजला, आणि तोही चुकीचा ऐकून. जुत्सुचं ‘जित्सु’ झालं. ‘ज्यू-जित्सू’ हे रूप लंडनमध्ये १९०० च्या आगेमागे जोरात होतं. जपानात राहून आलेल्या बार्टन-राइट नावाच्या इंग्रजानं स्वतःचं आडनाव त्याला जोडून ‘बार्टित्सू’ नावाची कलाच काढली. शेरलॉक होम्स रायशेनबाखच्या धबधब्यावर मोरियार्टीच्या तावडीतून सुटतो तो याच विद्येच्या जोरावर. फक्त गोष्टीत नाव ‘बारित्सू’ पडलंय, मधला ट गायब. मताधिकारासाठी लढणाऱ्या इंग्लंडच्या बायकांना एडिथ गॅरड यांनी हेच डावपेच शिकवले, पोलिसांशी दोन हात करायला. अमेरिकेत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी कोदोकानच्या यामाशितांकडून धडे घेतले. आणि १९१४ मध्ये कोदोकानचेच माएदा ब्राझीलला पोचले, तिथे ग्रेसी कुटुंबानं ते उचललं आणि ‘जिउ-जित्सू’ हे जुनं बिघडलेलं स्पेलिंग तिथे कायमचं रुजलं. आज जिममध्ये मुलं ‘बीजेजे’ म्हणतात, त्यातला दुसरा ‘जे’ हा असा एका चुकलेल्या कानाचा वारस आहे.

इथे मराठी माणसाचं एक सुख सांगते, जे हिंदीवाल्यांना आणि इंग्रजीवाल्यांनाही नाही. जपानी ‘त्सु’ आपल्याला येतो. चूल म्हणा, चाक म्हणा. चहातला नव्हे, चुलीतला च. तोच ‘त्सु’मधला व्यंजन. आपण लिहिताना उगाच त ला स जोडून कसरत करतो. त्सुनामी हे ‘चुलत’मधल्या ‘चु’नं म्हटलं तर जपानी माणूस लगेच मान डोलावतो. माझ्या वर्गात मराठी मुलं पहिल्या दिवशी हा उच्चार काढतात आणि शेजारची हिंदीभाषक मुलं त्यांच्याकडे बघत राहतात. जूदोतला ज मात्र उलट: जेवणातला, जाऊबाईंमधला नव्हे.

आता कराटे. या शब्दाची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण यात शब्द बदलला आणि जगाला पत्ताच लागला नाही.

कराटे मूळचं ओकिनावाचं, म्हणजे जुन्या र्‍यूक्यू राज्याचं, जे जपाननं १८७९ मध्ये ताब्यात घेतलं. तिथे या विद्येला नुसतं ‘ते’, हात, म्हणत. किंवा चिनी हात. चीनसाठी वापरायचं अक्षर तांग राजवंशाचं, आणि त्याचा जपानी उच्चार ‘कारा’. फुनाकोशी गिचिन या ओकिनावन शाळामास्तरांनी १९२२ मध्ये तोक्योत प्रात्यक्षिक दाखवलं तेव्हा हे ‘चिनी हात’च होते. पण जपानीत ‘कारा’ असा उच्चार असलेलं दुसरंही अक्षर आहे: रिकामं. हानाशिरो चोमो यांनी १९०५ मध्येच ते वापरलं होतं. १९३० च्या दशकात चीनविरोधी हवा तापली, जपानच्या मुख्य भूमीवर ‘चिनी’ नावाची विद्या खपवणं अवघड झालं, आणि फुनाकोशींनी ‘रिकामा हात’ उचलून धरला. १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये नाहा शहरात ओकिनावातल्या जाणत्या गुरूंची बैठक झाली, तिथेही हेच अक्षर मान्य झालं. कानाला काही फरक नाही. काल कारा-ते, आज कारा-ते. कागदावर मात्र एक अख्खा देश पुसला गेला.

इंग्रजीनं शब्द घेतला तो कानानं. त्यामुळे इंग्रजीत या सगळ्या उलथापालथीचा मागमूसही नाही. जपानी खेळांच्या शब्दांबद्दल मला जर एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही: ध्वनी बोटीत बसून गेला, अक्षर घरी राहिलं, आणि अर्थ अक्षरापाशी राहिला. म्हणून नातीचे दोन ‘डो’ तिला एक वाटले.

फुनाकोशींचं नवं अक्षर नुसतं ‘नि:शस्त्र’ एवढ्यापुरतं नव्हतं. हेच अक्षर बौद्ध ग्रंथांत ‘शून्यता’ या संस्कृत शब्दासाठी येतं. ‘रूपं शून्यता, शून्यतैव रूपम्’ हे प्रज्ञापारमिताहृदयातलं वचन चिनी-जपानीत म्हणतात तेव्हा शून्यतेच्या जागी हे अक्षर असतं, आणि फुनाकोशींनी स्वतः त्या वचनाचा आधार घेतला होता. आणि हो, कराओकेतला ‘कारा’ही हाच, रिकामा. पुढचं ‘ओके’ म्हणजे ऑर्केस्ट्राचं शेपूट तोडून उरलेलं मुंडकं. रिकामा वाद्यवृंद. सोसायटीच्या गणपतीत जो काका माइक सोडत नाही त्याला हे सांगून पाहा.

संस्कृतचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबते, कारण इथे फार गफलत होते. जपानी भाषा संस्कृतातून निघाली वगैरे व्हॉट्सॲपवर फिरतं, ते सोडून द्या. जूदोका, कराटेका यांतला ‘का’ आणि आपला नाटककारातला ‘कार’ यांचा काडीचा संबंध नाही. तो ‘का’ म्हणजे घर, घराणं, आणि त्यावरून त्या विद्येतला माणूस. आपल्याकडे ‘ज्युदोपटू’ म्हणतात, तेच जास्त चांगलं. पण बौद्ध धर्माच्या वाटेनं काही शब्द खरोखरच आपल्याकडून तिकडे गेले, आणि त्यांतले दोन तुमच्या मुलीच्या वर्गाच्या आसपासच फिरताहेत.

एक ‘दोजो’. सरावाची जागा. इंग्रजीतही हाच शब्द. अक्षरं दोन: मार्ग आणि जागा. पण हा शब्द मुळात तालमीसाठी केलेला नव्हता. बुद्धाला ज्या जागी बोध झाला त्या बोधिमंडाचं चिनी भाषांतर म्हणजे हा शब्द. गयेच्या पिंपळाखालची जागा. चिनी भाषांतरकारांनी ‘बोधि’ला ताओचं अक्षर लावलं, तो शब्द जपानात ‘दोजो’ झाला, देवळातल्या साधनेच्या खोलीला लागला, मग तलवारीच्या आणि कुस्तीच्या जागेला. तिथून लंडन, कॅलिफोर्निया, आणि तिथून पुन्हा आपल्याकडे, ‘डोजो’ होऊन, ड लावून. गया ते पुणे हा प्रवास एवढ्या वळणांनी.

दुसरा शब्द गो खेळातला, ‘को’. आणि गोबद्दल मी बोलायला लागले की विद्यार्थी घड्याळ बघतात, तरी बोलतेच.

एकोणीस आडव्या, एकोणीस उभ्या रेघा, ३६१ छेद. काळ्या-पांढऱ्या चकत्या, त्यांना दगड म्हणतात. आळीपाळीनं छेदावर ठेवायच्या, शत्रूला चहूबाजूंनी वेढलं की तो दगड उचलून घ्यायचा. खेळ मूळचा चिनी, तिथे नाव वेइची, कोरियात बादुक. पण इंग्रजी जगाला तो जपानमार्फत कळला. मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जपानात आलेल्या युरोपीय लोकांनी, त्यांत कोर्शेल्ट नावाचा जर्मन रसायनतज्ज्ञ, तो शिकून लिहून नेला, आणि म्हणून इंग्रजीत ‘गो’. नावाबरोबर अख्खी परिभाषा गेली: सेन्ते म्हणजे पुढाकार, गोते म्हणजे मागे राहणं, जोसेकी म्हणजे कोपऱ्यातले ठरलेले डाव, आजी म्हणजे चव, जो दगड मेलाय पण पुढेमागे उपद्रव देईल त्याची चव. यांना इंग्रजीत प्रतिशब्द करायची कुणाला गरज वाटली नाही. २०१६ च्या मार्चमध्ये सेऊलमध्ये अल्फागो या संगणक प्रणालीनं ली सेदोलला ४-१ हरवलं. खेळाडू कोरियन, प्रणाली लंडनची, जागा कोरियातली. इंग्रजी समालोचन मायकेल रेडमंड करत होते, जपानात व्यावसायिक झालेले अमेरिकन. आणि त्या इंग्रजीत अर्धे शब्द जपानी.

तर ‘को’. पटावर एक जागा अशी तयार होते की मी तुमचा एक दगड खाल्ला, तुम्ही लगेच त्याच जागी माझा खाल्ला, मी परत तुमचा. असं अनंत काळ चालू शकतं. म्हणून नियम असा की लगेच परत खायचं नाही, आधी एक चाल दुसरीकडे खेळून या. या अनंत फेऱ्याला नाव दिलं को. हे अक्षर म्हणजे संस्कृत ‘कल्प’. चिनी लोकांनी कल्प हा शब्द ध्वनीनं उचलला, त्याचं पहिलं अक्षर ठेवलं, जपानीत त्याचा उच्चार को झाला. ब्रह्मदेवाचा एक दिवस, एका दगडासाठी.

‘अतारी’ तर तुम्हाला ठाऊकच असेल, निदान व्हिडिओ गेमवर वाढलेल्या पिढीला. गोमध्ये अतारी म्हणजे पुढच्या चालीत तुझा दगड जाणार, बुद्धिबळातल्या ‘शह’सारखं. नोलन बुशनेल गो खेळायचे. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी काढली, तिला हे नाव दिलं. पुढे सेन्ते नावाचीही कंपनी काढली. अतारीच्या एका शाखेचं नाव होतं तेन्गेन, म्हणजे गोच्या पटाचा बरोबर मधला बिंदू. एका खेळातून तीन पाट्या.

आणि तुमच्या मुलीच्या वर्गात ‘ब्लॅक बेल्ट, फर्स्ट डान’ म्हणतात ना, तो ‘दान’सुद्धा पटावरचाच. दान म्हणजे पायरी. सतराव्या शतकात होनइन्बो दोसाकु यांनी गोच्या खेळाडूंना दान लावायची पद्धत घालून दिली. कानोंनी ती १८८३ मध्ये आपल्या दोन शिष्यांना पहिला दान देऊन जूदोत आणली, फुनाकोशींनी १९२४ मध्ये कराटेत. म्हणजे मूठ आवळून, ओरडून, फळी फोडून जी पदवी मिळवायची ती मुळात मांडी घालून, तासन्‌तास गप्प बसून खेळणाऱ्यांची. पहिल्या दानाला ‘शोदान’ म्हणतात. शो म्हणजे आरंभ, त्यामुळे काळा पट्टा म्हणजे शेवट नाही, हे वर्गात ऐकलं असेलच.

बाकीचे भराभर सांगते. ‘केइरिन’: केइ म्हणजे शर्यत, रिन म्हणजे चाक. १९४८ मध्ये कोकुरा शहरात सुरू झाली, सायकलींवर पैसे लावायचे आणि त्या उत्पन्नातून युद्धानं उद्ध्वस्त झालेली शहरं उभी करायची. २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकमध्ये हाच शब्द तसाच गेला. जपानी वर्तमानपत्रं ऑलिंपिकला ‘गोरिन’ म्हणतात, पाच चक्रं, तोच रिन. ‘एकिदेन’: एकि म्हणजे टप्पा, देन म्हणजे पुढे पोचवणं. जुन्या काळी घोडे बदलत टपाल जायचं, आपली डाकचौकीच, त्यावरून १९१७ मध्ये क्योतो ते तोक्यो ५०८ किलोमीटरची टप्प्याटप्प्यांची धावण्याची शर्यत झाली. धावपटू दंडुका देत नाहीत, खांद्यावरून घेतलेला पट्टा काढून पुढच्याला देतात. ‘योकोझुना’ म्हणजे आडवा दोर. सुमोतल्या सर्वोच्च मल्लाच्या कमरेला बांधतात तो जाड पांढरा दोर, आणि त्यावरून तो मल्लच. ‘पाचिन्को’तलं पाचिन हा नुसता आवाज, गोळी उडाल्याचा. आणि ओकिनावाच्या ‘नुन्चाकु’चं इंग्रजीत ‘नन्चक’ झालं, पण खरी कमाल आपण केली: गल्लीतल्या सगळ्या पोरांनी त्याला ‘नानचाकू’ केलं. दोन दांडक्यांना साखळी, चाकूचं नावनिशाण नाही, पण शब्दात चाकू दिसला की मराठी मनाला बरं वाटतं.

एक शब्द मात्र भरभर सोडवत नाही. ‘इप्पोन’. ज्युडोत समोरच्याला पाठीवर स्वच्छ आपटलं की पंच हात वर करून ओरडतो, इप्पोन! सामना संपला. इंग्रजी समालोचक हा शब्द असा उच्चारतात की जणू विजेचा कडकडाट. माझ्या वर्गात एकदा राज्य पातळीवर खेळलेली एक मुलगी होती. आकडे शिकवताना मी पेन्सिल उचलून म्हटलं, ‘एन्पित्सु इप्पोन’. ती दचकलीच. जपानीत वस्तू मोजताना आकाराप्रमाणे शेपूट लागतं. लांब, गोल वस्तूंना ‘होन’. एक पेन्सिल, एक बाटली, एक केळं: इप्पोन. तोच शब्द. तिनं आयुष्यातली दहा वर्षं ज्या शब्दासाठी घाम गाळला तो मी केळ्याला लावत होते. नंतर ती प्रत्येक सामन्याआधी डब्यातलं केळं दाखवून म्हणायची, ‘बाई, इप्पोन!’

आता ताईंचा प्रश्न. जपानी त आणि द हे दाताला जीभ लावून म्हणायचे, अगदी आपल्यासारखे. जपानी लोकांना ट-ड नाहीतच. म्हणजे जपानी उच्चाराला देवनागरी लिपी इंग्रजीपेक्षा कितीतरी सोयीची: कराते, जूदो, केन्दो, दोजो, सूदोकु. पण हे शब्द आपल्याकडे योकोहामाहून थेट आले नाहीत, इंग्रजीच्या गोदीत उतरून आले, आणि इंग्रज टी-डी जिभेचं टोक वर नेऊन म्हणतात ते आपल्या कानाला ट-ड वाटतात. त्यामुळे ‘कराटे’. गंमत बघा, त्याच वर्गाच्या पाटीवर ‘ज्युडो’च्या शेजारी ‘तायक्वांदो’ लिहिलेलं असतं, बिनचूक द सह. एकाच अक्षराला एका ओळीत द आणि दुसऱ्या ओळीत ड. माझं मत विचाराल तर ‘कराटे’ आता बदलू नका. आजवर सगळ्यांनी तसंच म्हटलंय, ‘कराते’ लिहिलंत तर छपाईची चूक समजतील. ‘ज्युदो’ मात्र बिनधास्त लिहा, काही मराठी वर्तमानपत्रं लिहितातच. आणि मुलीला एवढं करायला सांगा: ज्युडोत पंच ‘मटे’ म्हणतात तिथे ते ‘माते’ आहे, ‘थांबा’.

राहता राहिले आजोबा. त्यांचंही अर्धं खरं आहे. ज्युडो, कराटे, सुमो, सुडोकू हे शब्द इंग्रजीनं पचवलेत: सुडोकूला अनेकवचनाचा एस लागतो, सुमो हे विशेषण होऊन कुठल्याही अगडबंब वस्तूला चिकटतं. सेन्ते, इप्पोन, दोह्यो (सुमोचा आखाडा) मात्र पाहुणेच राहिलेत, खेळणाऱ्यांपुरते. दारावरची पाटी इंग्रजी झाली, आतली भांडीकुंडी जपानी. आणि देवघेव काही एकतर्फी नाही. जपानी बेसबॉलमध्ये रात्रीच्या सामन्याला ‘नाइता’ म्हणतात, इंग्रजी नाइटला स्वतःच शेपूट लावून केलेला शब्द. जुन्या धाटणीच्या पत्त्यांना ‘कारुता’ म्हणतात, तो सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीजांचा ‘कार्ता’. त्याच पोर्तुगीजांकडून गोव्यामार्गे आपल्याला पाव मिळाला आणि जपान्यांना ‘पान’. तोक्योच्या बेकरीत पान मागितलं तर पाव मिळतो.

पण सुडोकूच्या बाबतीत आजोबांना मी एक धक्का देणार आहे. हे कोडं आजच्या रूपात जपानात जन्मलंच नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले निवृत्त वास्तुविशारद हॉवर्ड गार्न्स यांनी ते केलं आणि १९७९ मध्ये डेल या प्रकाशनाच्या कोड्यांच्या मासिकात छापून आलं. नाव होतं ‘नंबर प्लेस’. १९८४ मध्ये तोक्योच्या निकोली या कोडी छापणाऱ्या प्रकाशनानं ते उचललं, माकी काजींनी त्याला ते सडाफटिंग नाव दिलं. १९९७ मध्ये हाँगकाँगचे निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड, मूळचे न्यूझीलंडचे, यांना तोक्योच्या पुस्तकांच्या दुकानात ते दिसलं. त्यांनी कोडी तयार करणारी संगणक प्रणाली लिहिली आणि लंडनच्या ‘द टाइम्स’ला दिली. १२ नोव्हेंबर २००४ ला तिथे पहिलं छापून आलं आणि वर्षभरात आजोबांच्या चहाच्या टेबलापर्यंत पोचलं. गार्न्स १९८९ मध्येच गेले होते, त्यांना यातलं काही दिसलं नाही.

आणि जपानात? तिथे ‘सूदोकु’ हे नाव निकोलीच्या मालकीचं, नोंदवलेलं. दुसऱ्या प्रकाशकांना ते वापरता येत नाही, म्हणून ते जुनं अमेरिकन नाव आपल्या जिभेवर आवळून छापतात: ‘नानपुरे’. नंबरचं नान, प्लेसचं पुरे. तेव्हा आजोबा कधी नातीबरोबर तोक्योला गेले, आणि विमानतळावर वेळ घालवायला कोड्यांचं पुस्तक घ्यावंसं वाटलं, तर त्यांना सांगून ठेवा, मांडणीवर नानपुरे दिसलं की तेच उचला.